होस्टेलवर रात्री कोणी सिरियस झालं तर आधी १०८, रेक्टर नंतर

आमच्या रूमला तिघांची परवानगी होती आणि आम्ही चौघं राहायचो. चौथा शहाद्याकडचा, यादीत नंबर न लागलेला, म्हणजे होस्टेलच्या भाषेत पॅरासाइट. परीक्षा लांबल्या होत्या, जूनचा पहिला आठवडा, आपल्या खानदेशातली ती गरमी की पंखासुद्धा गरम हवा फेकतो, म्हणून तो फरशीवर पाणी मारायचा आणि खालीच चादर टाकून झोपायचा. खिडकीपलीकडे केळीचा मळा. रात्री दोन-अडीचला उठून बसला, म्हणे "मन्हं पोट दुखी ऱ्हायनं भो." आम्ही म्हटलं मेसच्या भाजीने केलं असेल, इनो दिला, ओवा चावायला दिला, झोप म्हटलं. साडेतीनला बघतो तर डोळे अर्धे मिटलेले, आम्हाला वाटलं झोप आली, पण तो बोटाने स्वतःची पापणी वर उचलून आमच्याकडे बघत होता. बोलणं जड झालेलं, थुंकी गिळता येत नव्हती, उशीवर लाळ. आणि तरी आम्ही फोन केला नाही, कारण तो रजिस्टरला नव्हता, अँब्युलन्स आली की रेक्टर येणार, रेक्टर आला की तिघांची ॲडमिशन जाणार. एक तास आम्ही हेच कुजबुजत बसलो, पोरगं समोर श्वासासाठी धडपडत होतं आणि आम्ही होस्टेलच्या नियमांवर चर्चा करत होतो. पहाटे मेसचे काका शेगडी पेटवायला आले, त्यांनी एकदा तोंड पाहिलं आणि कोणालाही न विचारता १०८, म्हणजे सरकारी अँब्युलन्सचा नंबर, लावला.

मण्यार चावली होती. चावल्याची खूण आम्हाला तेव्हाही दिसली नाही आणि नंतरही नाही. मण्यारीचं असंच असतं, रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज नाही, आधी पोट दुखतं, मग पापण्या पडतात, मग श्वास. पाच दिवस व्हेंटिलेटरवर होता, वाचला. आम्हाला तीन हजार दंड झाला, तिघांनी वाटून भरला. एवढंच. त्या एका तासात आम्ही ज्या गोष्टीला घाबरलो ती तीन हजारांची होती.

म्हणून हे लिहितोय, जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, शिरपूर, अमळनेर, कुठेही होस्टेलला किंवा कॉट बेसिसवर राहत असाल तर वाचा आणि रूम पार्टनरला पण वाचायला द्या.

फोन कधी करायचा

"सकाळी पाहू" हे वाक्य कोणी बोललं की तिथेच थांबा आणि पेशंटकडे नीट बघा. हाक मारून, खांदा हलवून उठत नाही, श्वास अडखळतोय किंवा घरघर लागलीय, छातीत दुखतंय, फिट आली, रक्त थांबत नाही, पापण्या पडतायत, बडबड करतोय आणि माणसं ओळखत नाही, काहीतरी पोटात गेलंय, यातलं एक जरी असेल तर विचार करायचा नाही, फोन लावायचा. आणि यातलं काहीच नसेल पण तुमचं मन म्हणतंय की हा रोजच्यासारखा दिसत नाही, तरी लावा. डॉक्टर आले आणि म्हणाले काही नाही, ॲसिडिटी आहे, तर चांगलंच झालं ना, त्यात लाज कसली.

आपल्या भागातल्या काही गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतील. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, दुपारच्या पेपरहून किंवा ग्राउंडवरून आलेला पोरगा अंग तापलेलं आणि असंबद्ध बोलतोय तर तो उष्माघात आहे, साधी चक्कर समजू नका. फोन लावा आणि गाडी येईपर्यंत सावलीत घ्या, शर्ट काढा, अंगावर पाणी ओता, ओल्या चादरीने वारा घाला, काखेत आणि मानेजवळ बर्फ ठेवा, शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. धडगाव, अक्कलकुवा, सातपुड्यातून आलेल्या बऱ्याच मुलामुलींना सिकलसेल, म्हणजे रक्ताचा जन्मापासूनचा आजार, असतो आणि ते रूमवर सांगत नाहीत कारण पोरं वेगळं वागवतील अशी भीती असते, तर तुमच्या पार्टनरला असेल तर आपुलकीने विचारून ठेवा, त्याचं कार्ड कुठे असतं ते माहीत असू द्या, आणि हाडं दुखतायत सोबत ताप, छातीत दुखणं किंवा धाप असेल तर गोळी देऊन झोपवू नका. साप चावल्याची नुसती शंका असली तरी दवाखाना, भगताकडे नाही, वर दोरी करकचून बांधायची नाही, ब्लेडने कापायचं नाही, साप मारून सोबत न्यायची तर अजिबात गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चौघांवर एकच इंजेक्शन चालतं आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पेशंटला चालवू नका, उचलून न्या.

दारूचं पण बोलून टाकतो कारण सगळ्यात जास्त लपवालपवी तिथेच होते. पार्टीनंतर एखादा उठतच नाहीये, अंग गार, श्वास हळूहळू आणि मध्येच थांबतोय, तर "उतरेल सकाळपर्यंत" म्हणून दार ओढून घेऊ नका. कुशीवर झोपवा, तोंड खालच्या बाजूला, म्हणजे उलटी झाली तर घशात जाणार नाही, लिंबूपाणी पाजू नका, बादलीने आंघोळ घालू नका, एक जण जवळ बसा आणि दुसऱ्याने फोन लावा. डॉक्टरला खरं सांगा काय पिला, किती पिला, त्याशिवाय त्यांना उपचार करता येत नाहीत.

फोनवर काय बोलायचं

१०८ महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, फोन फुकट, गाडी फुकट, आणि गाडीत डॉक्टर असतो. मारामारी, आग, कोणी दार ठोकतंय, पाठलाग करतंय, असलं काही असेल तर ११२, तिथून पोलीस, फायर ब्रिगेड, अँब्युलन्स सगळंच मिळतं. तुमच्या सिमला रेंज नसेल तरी ११२ लावून बघा, दुसऱ्या कंपनीचा टॉवर पकडून लागू शकतो. बऱ्याच स्मार्टफोनमध्ये पॉवर बटण पटापट दाबलं की इमर्जन्सी कॉल जातो, किती वेळा दाबायचं ते आजच सेटिंगमध्ये बघून घ्या.

लोक अडकतात ते पत्त्याला. घाबरलेलं पोरगं नुसतं "कॉलेजचं होस्टेल" म्हणतं, आणि एका शहरात अशी पन्नास होस्टेलं. म्हणून एक कागद घ्या, मोठ्या अक्षरात लिहा आणि दाराला आतून चिकटवा. आमच्या नंतरच्या रूमवर असा होता:

"मी अमुक कॉलेजच्या मुलांच्या होस्टेलमधून बोलतोय. गाव, तालुका, जिल्हा हा. हायवेवरून आलात तर गिरणा पुलाच्या अलीकडे, पेट्रोल पंपासमोरचा रस्ता. मागचं गेट, पुढचं रात्री बंद असतं. एक पेशंट, वय वीस, श्वास चालू आहे, बोलत नाही. माझा नंबर हाच."

तुमचा पत्ता तुम्ही टाका. पुलाच्या अलीकडे की पलीकडे, हे एक वाक्य किती वेळ वाचवतं ते चुकलेल्या गाडीची वाट बघितलेल्यालाच माहीत. समोरचा विचारेल तेवढंच सांगा, ते सांगेपर्यंत फोन कट करू नका, आणि नंतर त्या फोनवरून घरी-मित्रांना लावत बसू नका, ड्रायव्हरचा कॉल येतो.

मग कामं वाटून घ्या. एक पेशंटजवळ, एक गेटवर मोबाईलचा टॉर्च घेऊन, एक रेक्टर आणि वॉचमनला उठवायला. रेक्टरला परवानगी मागायची नाही, कळवायचं: "सर, अमका सिरियस आहे, १०८ ला फोन केलाय, गेट उघडायला सांगा." वाक्य असंच. "सर, फोन करू का?" असं विचारलं की थांब म्हणायला जागा मिळते. गाडीला वेळ लागणार असं कळलं तर तिथल्याच माणसाला विचारून घ्या की आम्ही आमच्या गाडीने निघू का आणि कुठल्या दवाखान्यात.

भीती वाटते त्या गोष्टी

पोलीस. विष, अपघात, मारहाण असलं काही असेल तर दवाखाना एमएलसी करतो, म्हणजे नोंद करून पोलिसांना कळवतो. ती नोंद आहे, फोन करणाऱ्यावर केस नाही. आणि आधी पोलीस, मग उपचार असं कोणी म्हणत असेल तर सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच परमानंद कटारा केसमध्ये सांगितलंय की जीव वाचवणं पहिलं, कागद नंतर. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ चं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही. हायवेला लागून इतकी कॉलेजं आहेत आपली, हे पाठच करा.

कोणी स्वतःला काही करून घेतलं किंवा तसं बोलतंय, तर त्याला एकटं सोडू नका, बाथरूमला जातानासुद्धा दाराशी थांबा, "गुन्हा दाखल होईल" या भीतीने लपवू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मधलं कलम ११५ म्हणतं की असा माणूस प्रचंड ताणाखाली आहे असंच धरायचं, शिक्षा करायची नाही, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा धरणारं जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. काही करून झालं असेल तर १०८, नुसतं मनात चाललं असेल तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात. मित्रासाठी तुम्ही पण लावू शकता. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की असे नंबर होस्टेलमध्ये, वर्गात मोठ्या अक्षरात लावायचे. तुमच्या भिंतीवर नसेल तर ऑफिसला अर्ज द्या. रॅगिंगसाठी यूजीसीचा १८००-१८०-५५२२ आहे, तोही चोवीस तास.

मुलींच्या होस्टेलचं माझ्या बहिणीकडून ऐकलेलं सांगतो. तिथे भीती रेक्टरपेक्षा बोभाट्याची जास्त. पाळीत एवढं रक्त जातंय की तासाला पॅड बदलावं लागतंय, पोरगी पांढरी पडलीय, आणि तरी मैत्रिणी म्हणतात मॅडम विचारतील काय झालं, घरी कळलं तर शिक्षण बंद करतील. त्या मुलीला घेऊन जा. एकीने सोबत राहायचं, बाकीच्यांनी कॉरिडॉरमध्ये गर्दी करायची नाही, आणि काय झालं हे डॉक्टर सोडून कोणालाही सांगायला तुम्ही बांधील नाही.

घरी फोन करताना पहिलं वाक्य "तो दवाखान्यात आहे, डॉक्टर बघतायत, मी जवळच आहे" हे असू द्या. माझ्या मित्राच्या आईला कोणीतरी पहाटे फोन करून नुसतं "मावशी, लवकर या" म्हणून ठेवून दिला होता, त्या माउलीने शहाद्याहून एसटीत पूर्ण रस्ता काय विचार केला असेल.

कॉलेज उघडलं की हे करा

नियम बदलवता येतात, पण शांत डोक्याने आणि आधीच. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांत मेडिकल ॲम्नेस्टी नावाचा नियम असतो, कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये आणला होता, म्हणजे दारू पिऊन कोणी बेशुद्ध पडलं आणि मित्राने मदत बोलावली तर त्या दोघांवर दारूबद्दल शिस्तीची कारवाई होत नाही. आपल्याकडे पण प्राचार्यांकडे वर्गप्रतिनिधींनी लेखी मागा: रात्री मदतीसाठी फोन करणाऱ्यावर आणि पेशंटवर त्या रात्रीच्या नियमभंगासाठी कारवाई होणार नाही. दोन ओळींचं पत्र, सही-शिक्क्यासह, नोटीस बोर्डावर. मिळालं नाही तर निदान हे विचारून घ्या की रात्री गेटची किल्ली कोणाकडे असते, तो गावाला गेला तर कोणाकडे, आणि अँब्युलन्स आत वळते का की बाहेरच थांबते. आमच्या वेळी किल्ली वॉचमनच्या घरी होती, घर दीड किलोमीटरवर. काकांनी कुलूप दगडाने तोडलं.

आणि ज्याने फोन केला त्याच्यासोबत दुसऱ्या दिवशी ऑफिसला जा. त्याला एकट्याला उभं करून प्रश्न विचारतात, पोरंही म्हणतात तुझ्यामुळे चेकिंग सुरू झालं. काकांना पण बोलले, कुलूप का तोडलं म्हणून. आम्ही तिघं तेव्हा गप्प उभे होतो, नव्या कुलपाचे पैसे काकांनी स्वतःच्या खिशातून दिले. मित्राची आई त्याला डिस्चार्ज मिळाल्यावर मेसमध्ये आली, काकांच्या हातात कळण्याच्या भाकरीचा डबा दिला आणि तिथेच शेगडीजवळ बसून राहिली.