सातबारा शेतीचा, पण झोन कोणता? ठाणे परिसरातील ग्रामीण जमिनीचा वापर कसा ओळखावा

भिवंडी, कल्याण, शहापूर किंवा पनवेलकडच्या गावात जमीन घेऊ पाहणारे बहुतेक जण आधी सातबारा काढतात, त्यावर ‘जिरायत’, ‘वरकस’ किंवा ‘पोटखराबा’ असे वाचतात आणि जमिनीचा प्रकार कळला असे समजतात. हा समज महागात पडतो. सातबाऱ्यावरचे वर्गीकरण महसुली आहे. त्या मातीत काय पिकते आणि शेतसारा कसा आकारायचा, एवढ्यापुरतेच ते असते. तेथे काय बांधता येईल, हे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्याखाली मंजूर झालेला नकाशा व त्यासोबतची नियमावली ठरवते. सातबारा ज्या कायद्याखाली येतो ती जमीन महसूल संहिताही 1966 सालचीच आहे, पण दोन्ही कायद्यांची कामे वेगळी आहेत.

पहिले काम म्हणजे गाव कोणत्या नियोजन प्राधिकरणाखाली येते ते शोधणे. भिवंडीभोवतालच्या अधिसूचित गावांसाठी एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, नवी मुंबई विमानतळ प्रभावित क्षेत्रातील, म्हणजे ‘नैना’तील गावांसाठी 2013 पासून सिडको, म्हणजे शासनाचे शहर व औद्योगिक विकास महामंडळ आहे, महापालिकेत गेलेल्या गावांना तिची विकास योजना लागू होते, आणि यांपैकी कशातच न येणाऱ्या गावांना प्रादेशिक योजना लागू होते, तेथे परवानगीचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. नावावरून अंदाज करू नये. दहिसर मोरी परिसरातील 14 गावे 2007 साली नवी मुंबई महापालिकेतून वगळली गेली आणि पुढे पुन्हा तिच्यात आली. अशा गावातील जुना कागद कोणत्या काळातला आहे, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. नियमावलीही सर्वत्र एक नाही. डिसेंबर 2020 मध्ये मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली राज्याच्या बहुतेक भागाला लागू आहे, पण ‘नैना’ तिच्यातून वगळलेले आहे.

प्राधिकरण कळले की चालू सातबारा आणि मोजणी नकाशा जोडून ‘झोन दाखला’ (जमीन कोणत्या पट्ट्यात येते याचे पत्र) व ‘भाग नकाशा’ (योजनेच्या नकाशातील त्या गटापुरता उतारा) या दोन्हींसाठी अर्ज करावा. नुसत्या दाखल्यावर समाधान मानू नये. माझ्या एका नातलगाने कल्याण तालुक्यात जमीन पाहिली, तेव्हा दाखल्यावर ‘अंशतः रहिवास, अंशतः हरित’ एवढेच लिहिले होते आणि विकणारा फक्त पहिला शब्द वाचून दाखवत होता. भाग नकाशा हाती आल्यावर दिसले की पिवळा रंग गटाच्या एका कोपऱ्यालाच शिवला आहे, बाकी सगळा गट हिरवा आहे, आणि त्या कोपऱ्यातूनही प्रस्तावित रस्त्याच्या दोन समांतर रेषा गेल्या आहेत. ‘अंशतः’ हा शब्द दिसला की क्षेत्राचा आकडा लेखी मागावा.

आता वर्गीकरणाकडे. मुंबई महानगर प्रदेशाच्या 1999 साली मंजूर झालेल्या प्रादेशिक योजनेत नागरीकरणयोग्य क्षेत्र यू-1 व यू-2, हरित क्षेत्र जी-1 व जी-2, शिवाय औद्योगिक व वन क्षेत्र असे पट्टे होते, आणि जुन्या दाखल्यांवर हीच अक्षरे आढळतात. त्यानंतर 2016 ते 2036 या काळासाठी सुधारित योजना तयार झाली असल्याने दाखला नव्यानेच काढावा. ‘हरित पट्टा’ हा शब्द दोन्हीकडून फसवतो, असे मला वाटते. तेथे काहीच होत नाही असे नाही. शेती, गोठा, कुक्कुटपालन आणि अटींसह शेतघर असे वापर चालतात. पण शेतघर म्हणजे बंगल्याचा प्लॉट नव्हे. त्याचा मूळ निकष 0.4 हेक्टर, म्हणजे जवळपास एक एकर जमिनीचा आहे, ती जमीन प्रत्यक्ष शेतीखाली असावी लागते आणि बांधकाम कितीही मोठ्या जमिनीवर 400 चौरस मीटरच्या वर जात नाही. धारणा लहान असेल तर कोणती सवलत मिळते, ते प्राधिकरणाकडून लेखी घ्यावे. दलालाच्या तोंडी आश्वासनावर इसार देऊ नये.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. नगररचना अधिनियमातील ‘विकास’ या शब्दात जमिनीच्या वापरातील मोठा बदलही येतो, त्यामुळे एकही वीट न रचता भातखाचर भरावाने सपाट करून ट्रक उभे करायला देणे, हेही परवानगीशिवाय करता येत नाही. भिवंडीच्या गोदामपट्ट्यात हा प्रश्न पावलोपावली भेटतो. तसेच ग्रामपंचायतीने घरपट्टी लावली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही.

गावठाणाजवळची जमीन स्वतंत्रपणे तपासावी. महसूल संहितेच्या कलम 42-ड मध्ये गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतच्या जमिनीसाठी अकृषिक वापराची सोय केली गेली. हे अंतर शेवटच्या घरापासून नव्हे, तर भूमी अभिलेखातील गावठाणाच्या हद्दीपासून मोजायचे असते.

झोन अनुकूल निघाला तरी त्यावर इतर बंधने असू शकतात. खाडीकाठी सागरी किनारा नियमन क्षेत्र आणि मोठ्या कांदळवनाभोवतीचा 50 मीटरचा पट्टा पाहावा. डोंगराकडच्या गावांत खाजगी वने शासनाकडे घेणाऱ्या 1975 च्या खाजगी वने संपादन कायद्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात किंवा जुन्या फेरफारात आहे का ते पाहावे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग-2’, म्हणजे हस्तांतरणावर शासनाचे निर्बंध असलेली जमीन, असे असेल तर हस्तांतरणाचीच परवानगी आधी लागते.

‘झोन लवकरच बदलणार आहे’ हे वाक्य या व्यवहारांत हमखास ऐकू येते. प्रादेशिक योजनेत किंवा विकास योजनेत झोन बदलण्यासाठी सूचना प्रसिद्ध होते, हरकती मागवल्या जातात आणि शासनाची मंजुरी राजपत्रात येते. ती अधिसूचना हातात येईपर्यंत भाव हिरव्या जमिनीचाच धरावा.