दगडावर रात्रीचा उजेड कसा उतरवायचा

पॅरिसची १८९० च्या दशकातली रात्र लिथोग्राफमध्ये, म्हणजे दगडावर चित्र काढून घेतलेल्या छापात आणायची असेल, तर आधी फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकचं १८९१ चं, मुलँ रूझ या पॅरिसच्या नाचघराचं पोस्टर निवांत बघा. मागचे प्रेक्षक म्हणजे एकसंध काळी सावली. टोप्यांवरून तेवढी माणसं ओळखू येतात. पुढे करडा नर्तक, मध्ये नर्तकी ला गुल्यू, डावीकडे दिव्यांचे पिवळे गोळे. म्हणून गर्दीतले चेहरे रंगवत बसू नका. गर्दी काळ्यात बुडवा आणि कोरा कागद नाचणारीच्या परकरासाठी राखून ठेवा.

माझा जीव मात्र शिंतोड्यांत अडकलाय. लोत्रेक टूथब्रशने दगडावर शाई उडवायचा, मीही तेच करते. जिथे ठिपके नकोत तिथे डिंकाचं पाणी लावून पूर्ण वाळू देते. मग ब्रश तेलकट शाईत जेमतेम टेकवायचा, रद्दी कागदावर दोन-तीनदा झटकायचा आणि केसांवरून अंगठा ओढायचा. ब्रश ओला राहिला की थेंब ओघळतात. पहिल्या खेपेला मला अख्खा दगड पुन्हा घासावा लागला होता. पण ठिपके बारीक पडले, तर धुरकट हॉलमधला उजेड अक्षरशः तरंगायला लागतो.

पुढचं नेहमीचंच. डिंकात थोडं नायट्रिक ॲसिड घालून दगडावर लावा, मग दगड सतत ओला ठेवून रुळाने शाई द्या. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. पिवळा आधी छापा, काळा शेवटी. आणि पोस्टरवरची अक्षरं दगडावर उलटी काढायला विसरू नका, छापात ती सुलटी येतात.