योजनेचं मूल्यमापन करताना या चुका टाळा: इंदूर-माळव्यात काम करणाऱ्यांसाठी

मूल्यमापनाचा अहवाल आकडेमोडीत क्वचित चुकतो. तो फसतो तुलनेत. योजना मिळालेल्यांचं काय झालं हे कोणीही मोजून आणेल. योजना नसती तर त्याच माणसांचं काय झालं असतं, हे सांगणं अवघड, आणि अर्थशास्त्रज्ञाला बोलावतात ते त्यासाठीच. म्हणून टॅबलेट घेऊन गावात जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा: तुलना कोणाशी, कोणत्या तारखेची, कोणत्या एककाची.

शेजारणीशी तुलना

मध्य प्रदेशातली लाडली बहना योजना घ्या. पहिला हप्ता 10 जून 2023 ला जमा झाला, महिना 1000 रुपये. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून 1250, आणि नोव्हेंबर 2025 पासून 1500. अटी अशा: विवाहित स्त्री (विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता धरून), कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, जमीन जास्तीत जास्त पाच एकर. नवखा माणूस सांवेर किंवा देपालपूरच्या एखाद्या गावात जातो, पैसे मिळणाऱ्या बायका एकीकडे आणि न मिळणाऱ्या दुसरीकडे मांडतो, आणि दोघींच्या किराणा खर्चातला फरक म्हणजे योजनेचा परिणाम असं लिहून मोकळा होतो.

पैसे न मिळणाऱ्यांत दोन अगदी वेगळी माणसं असतात. एक, जमीन किंवा सरकारी नोकरीमुळे अपात्र ठरलेली सुखवस्तू घरं. दुसरी, पात्र असूनही बाहेर राहिलेली: आधार खात्याला जोडलेलं नाही, ई-केवायसी अडकलंय, लग्नानंतर समग्र आयडीतलं (राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणीतलं) नाव माहेरच्याच कुटुंबात राहिलंय. ही बहुधा गावातली सगळ्यांत गरीब घरं. दोन्हींची सरासरी काढली की जो आकडा येतो तो कोणाचाच नसतो. निदान दोन गट वेगळे करा आणि प्रत्येक न मिळालेल्या बाईला कारण विचारा. हा एक प्रश्न पुढचे पन्नास वाचवतो.

उत्पन्नाच्या मर्यादेच्या अलीकडचे-पलीकडचे लोक पकडून तुलना करण्याचा मोहही होतो. उत्पन्न स्वतःच घोषित करायचं असतं, त्यामुळे अडीच लाखांच्या जरा खालीच गर्दी दिसेल. जी रेषा माणसाला स्वतः ओलांडता येते, तिच्यावर ही पद्धत उभी राहत नाही. वयाची रेषा बरी: सुरुवातीला किमान वय 23 होतं, नंतर 21 केलं. पण तिथेही मिळणारं उत्तर त्या वयाच्या आसपासच्या तरुण सुनांपुरतं असतं. ते पन्नाशीच्या सासूला लावू नका.

सोडत असेल तर ती सोडू नका

शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या 25 टक्के जागा मध्य प्रदेशात ऑनलाइन सोडतीने भरतात. मूल्यमापनासाठी ही आयती संधी, आणि नासवणंही सोपं. पहिली चूक म्हणजे प्रवेश घेतलेल्या मुलांची इतर सगळ्यांशी तुलना. तुलना सोडतीत नाव लागलेल्यांची आणि न लागलेल्यांची करायची, मग प्रवेश घेतलेला असो वा नसो. तीही एकच शाळा मागणाऱ्या, एकाच शेजार-प्रवर्गातल्या (घर शाळेच्या किती जवळ यावरून ठरणाऱ्या) अर्जांमध्ये, कारण नाव लागण्याची शक्यता शाळेगणिक बदलते.

नाव लागलेल्यांपैकी 70 टक्क्यांनी प्रवेश घेतला आणि न लागलेल्यांपैकी 10 टक्के पुढच्या फेरीत आत आले, असं समजा. दोन गटांत 3 गुणांचा फरक असेल तर प्रत्यक्ष प्रवेशाचा परिणाम 3 भागिले 0.6 (0.7 वजा 0.1), म्हणजे 5 गुण. दोन्ही आकडे द्या. आणि एक पाहायला विसरू नका: नाव न लागलेली मुलं कुठे गेली? शहरात त्यातली बरीच फी भरून दुसऱ्या खासगी शाळेत जात असतील, तर तुमचा आकडा "खासगी विरुद्ध सरकारी" असा वाचताच येत नाही.

800 घरं म्हणजे 800 नव्हेत

नमुना ठरवताना सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. 0.2 प्रमाण विचलनाइतका (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) परिणाम, 80 टक्के सामर्थ्य (खरा परिणाम सापडण्याची शक्यता) आणि 5 टक्के पातळी (नसलेला परिणाम दिसण्याची शक्यता) धरली तर प्रत्येक गटात साधारण 392 घरं लागतात. पण योजना गावाला मिळते आणि एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. प्रत्येक गावातून 20 घरं घेतली आणि गावांतर्गत सहसंबंध (एका गावातली घरं किती सारखी त्याचं माप) 0.05 असला, तर नमुना वाढवायचा गुणक येतो 1 + 19 × 0.05 = 1.95. म्हणजे प्रत्येक गटात 392 ऐवजी 765 घरं, 39 गावांतून. दहा गावांत 80-80 घरं केली तर दमणूक तेवढीच, माहिती कितीतरी कमी. पैसा मर्यादित असेल तर गावं वाढवा, घरं कमी करा. विश्लेषणातही प्रमाणत्रुटी (आकडा किती डळमळीत त्याचं माप) गावाच्या पातळीवर काढा. घराच्या पातळीवर काढली की नसलेला परिणाम ठळक दिसायला लागतो.

"घर" कोणाचं

समग्रमध्ये कुटुंबाला आठ अंकी आयडी असतो आणि व्यक्तीला नऊ अंकी. सर्वेक्षणात मात्र घर म्हणजे एक चूल. एकाच चुलीवर जेवणारे दोन भाऊ आणि आईवडील समग्रमध्ये तीन कुटुंबं असू शकतात. कुटुंब-आयडीवर दोन याद्या जोडल्या की चुलीचा खर्च तिघांच्या नावावर तीनदा पडतो. जोडणी नेहमी व्यक्तीच्या नऊ अंकांवर करा आणि चुलीसाठी स्वतःचा वेगळा क्रमांक द्या.

प्रश्नावलीतही भाषेची ठेच लागते. मराठी घरातून आलेला सर्वेक्षक हिंदी "शिक्षा" (म्हणजे शिक्षण) हा शब्द बरोबर वाचतो, पण घाईत टिपण मराठीत करतो, आणि "शिक्षा झाली नाही" अशा नोंदीचं पुढे काय करायचं हे कार्यालयात कोणाला कळत नाही. टिपणाची भाषा एकच ठरवा. माळवीत बोलणाऱ्या चार-पाच बायकांसमोर प्रश्न आधी वाचून पाहा आणि त्यांना काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा.

पैसे कोणाच्या हातात राहतात हा प्रश्न सासू शेजारी बसलेली असताना विचारणं व्यर्थ आहे. दोन सर्वेक्षक पाठवा: एकीने ओसरीवर सासूकडून घरातल्या माणसांची यादी भरून घ्यावी, तेवढ्यात दुसरीने सुनेशी आत बोलावं.

तारीख

खाण्याचा खर्च मागच्या 7 दिवसांचा विचारत असाल तर हप्त्याची तारीख मोजमापात शिरते. हप्ता 10 ला जमा झाला असेल, तर 12 तारखेला विचारलेलं घर आणि 4 तारखेला विचारलेलं घर यांत, दोघांनाही योजना मिळत असली तरी, फरक दिसेल. दोन्ही गटांतल्या मुलाखती महिनाभर सारख्या पसरवा आणि हप्ता जमा होऊन किती दिवस झाले याचा रकाना ठेवा. हाच नियम हंगामाला. पहिली फेरी मे महिन्यात आणि दुसरी सोयाबीन निघाल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात केली, तर तुम्ही सोयाबीन मोजलं. राखीच्या आठवड्यात बायका माहेरी असतात आणि रंगपंचमीला गेर (रंगांची मिरवणूक) निघते, तेव्हा इंदुरात कोणी भेटत नाही. त्या दिवशी भरलेले फॉर्म आले तर आधी जीपीएस तपासा.

सरकारी आकडे शेजारी ठेवतानाही सांभाळा. 2022-23 च्या घरगुती खर्च सर्वेक्षणात तीन भेटी आणि तीन वेगळ्या प्रश्नावल्या होत्या, 2011-12 मध्ये तसं नव्हतं. दोन आकडे सरळ वजा करून "वाढ" म्हणता येत नाही.

"माहीत नाही" साठी 999 हा कोड देऊ नका. हप्ता हजाराच्या घरात असताना 999 हा खराच खर्च वाटतो आणि सरासरीत मिसळतो. उणे 99 द्या. दर दहा घरांमागे एका घरी दुसरा माणूस पाठवून पाच-सहा न बदलणारे प्रश्न पुन्हा विचारून घ्या. वीस निष्पत्ती (खर्च, हजेरी असे मोजायचे परिणाम) 5 टक्के पातळीवर तपासल्या तर त्या परस्परांपासून स्वतंत्र धरल्या तरी किमान एक निव्वळ योगायोगाने "लक्षणीय" ठरण्याची शक्यता 64 टक्के असते, म्हणून मुख्य दोन-तीन आधीच लिहून ठेवा. 40 वरून 50 टक्के ही 10 टक्केबिंदूंची वाढ आहे, 10 टक्क्यांची नव्हे.

अहवालात "परिणाम आढळला नाही" आणि "परिणाम नाही" यांची गल्लत विभागाच्या बैठकीत लगेच निर्णयात उतरते. खाण्याच्या मासिक खर्चावरचा परिणाम 125 रुपये आला आणि विश्वास-अंतराल (खरा आकडा ज्या मर्यादांत असण्याची दाट शक्यता) उणे 150 ते अधिक 400 असलं, तर खर्च 150 रुपयांनी घटला इथपासून 1250 च्या हप्त्याचा जवळपास तिसरा हिस्सा ताटात आला इथपर्यंत सगळं शक्य आहे. हे अंतराल पहिल्याच पानावर, रुपयांत लिहा.