घरच्या आर्केडसाठी स्वस्तातला एन्कोडर कोणता घ्यायचा

व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपयाचं नाणं टाकून कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स गेममधला मुस्तफा घेऊन खेळलेले लोक आता चाळिशीत आलेत आणि एकेक जण घरी प्लायवूडचं कॅबिनेट बनवायला लागलाय. स्क्रीन, जुना पीसी नाहीतर रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर), स्पीकर हे सगळं जमतं, गाडी अडते ती एन्कोडरवर. एन्कोडर म्हणजे बटणं आणि जॉयस्टिकच्या वायरी जिथे जाऊन बसतात तो छोटा बोर्ड, दुसऱ्या टोकाला यूएसबी, कॉम्प्युटरला वाटतं गेमपॅड लावलाय.

किंमत बघायच्या आधी बटणं मोजा. मुस्तफावाल्या गेमला दोनच बटणं लागतात, स्ट्रीट फायटर टूला सहा. म्हणजे एका प्लेयरला जॉयस्टिकच्या चार दिशा, सहा बटणं, स्टार्ट आणि कॉइन, झाले बारा इनपुट. दोघांचे चोवीस. गेममधून बाहेर यायला वेगळं बटण हवं असेल तर अजून एक धरा, नाहीतर दर वेळी कीबोर्ड शोधत बसाल.

सगळ्यात सहज मिळतो तो झिरो डिले नावाचा बोर्ड. नावावर जाऊ नका, डिले शून्य वगैरे काही नाही, पण माझ्या मते घरच्या खेळाला चालून जातो. बारा बटणं, जॉयस्टिकचं कनेक्शन वेगळं, आणि प्रत्येक बटणाची दोन वायरींची तयार केबल सोबत येते, त्यामुळे सोल्डरिंगची भानगड नाही. घेताना एकच गोष्ट नीट विचारा, केबलच्या टोकाच्या क्लिपा 2.8 मिमीच्या आहेत की 4.8 च्या. जपानी पद्धतीच्या बटणांना 2.8 लागतात, खाली वेगळा मायक्रोस्विच (टिक वाजणारा छोटा स्विच) असलेल्या जाड बटणांना बहुतेक 4.8. मी न विचारता घेतला आणि मग वीसेक क्लिपा पकडीने कापून नव्या लावत बसलो, अख्खा रविवार गेला.

दोघांसाठी असे दोन बोर्ड लागतात आणि खरी डोकेदुखी तिथे आहे. दोन्ही बोर्ड कॉम्प्युटरला अगदी एकाच नावाने दिसतात, त्यामुळे कधीकधी रीस्टार्ट केलं की प्लेयर वन टू होतो आणि भांडणं सुरू. उपाय साधा आहे, कुठला बोर्ड कुठल्या यूएसबी पोर्टात ते मार्करने लिहून ठेवा आणि पोर्ट बदलू नका. एकाच बोर्डात दोन प्लेयरवाले पण मिळतात, पण रास्पबेरी पायवर त्यातले काही दोघांना मिळून एकच जॉयस्टिक समजतात, मग बूटच्या कमांडलाइन फाइलमध्ये यूएसबी क्वर्कची (त्या बोर्डाला वेगळं वागवायला सांगणारी) एक ओळ घालावी लागते. लिनक्सची भीती वाटत असेल तर नकोच ते.

माझी स्वतःची निवड विचाराल तर रास्पबेरी पाय पिको, हा पूर्ण कॉम्प्युटर नाही, प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड. 2021 साली 4 डॉलरला आलेला बोर्ड, आपल्याकडे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत विचारून बघा, ऑनलाइन तर मिळतोच. वरचं बूटसेल बटण दाबून धरत यूएसबी लावायची, पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यात जीपी2040-सीई नावाच्या फुकट फर्मवेअरची (बोर्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल टाकायची, झाला एन्कोडर. सेकंदाला हजार वेळा बटणं कळवतो, म्हणजे मिलिसेकंदाला एकदा, आणि गेमची एक फ्रेमच साधारण 16.7 मिलिसेकंदांची असते, तेव्हा लॅगचा, म्हणजे बटण दाबल्यावर उशीर होण्याचा, विषयच संपला. विंडोजला तो एक्सबॉक्सचा पॅड म्हणूनही दिसू शकतो, त्यामुळे नवे गेमही कटकट करत नाहीत. सोल्डरिंग येत नसेल तर पिको एच घ्या, त्याला पिना आधीच लावलेल्या असतात, जंपर वायर खोचली की काम झालं. फक्त 12 व्होल्टच्या एलईडी बटणांची पॉवर चुकूनही पिनांना लावू नका, पिको 3.3 व्होल्टवर चालतो, जळेल.

आर्डुइनो (असाच प्रोग्राम करता येणारा बोर्ड) घरात पडलाय म्हणणाऱ्यांसाठी, लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो असेल तर चालेल. जुन्या उनोच्या (आर3पर्यंतच्या) मुख्य चिपमध्ये यूएसबीच नाही, त्याच्या नादी लागू नका. आयपॅक टू हा तयार एन्कोडर बोर्ड मस्त आहे, 32 इनपुट, पण बाहेरून मागवायचा तर शिपिंग आणि कस्टम धरून बजेट हा शब्द विसरा. आणि जुना कीबोर्ड फोडून करायची आयडिया सगळ्यांना सुचते, मलाही सुचली होती. एका वेळी ठराविक किजच कळतात, दोघं जोरात खेळायला लागले की एकाची उडी गायब.

वायरिंग करताना बटणाच्या मायक्रोस्विचवर तीन टोकं दिसली तर सीओएम (कॉमन) आणि एनओ (दाबल्यावरच जोडलं जाणारं टोक) वापरा. मी एकदा एनसीला, म्हणजे न दाबताच जोडलेल्या टोकाला, लावलं, मेनू आपोआप खाली पळत सुटला आणि रात्री दोनपर्यंत मी बिचाऱ्या बोर्डाला शिव्या घालत होतो. पिकोला ग्राउंडची एकच वायर सगळ्या बटणांतून फिरवली तरी चालते, झिरो डिलेला तेही करावं लागत नाही. आणि जॉयस्टिक उजवीकडे ढकलली की डावीकडचा स्विच दाबला जातो हे लक्षात ठेवा, नाहीतर सगळं उलटं लागेल.

पॅनल स्क्रूने बंद करायच्या आधी टेस्ट करा. विंडोजवर विन आणि आर दाबून जॉय डॉट सीपीएल टाइप केलं की कुठलं बटण पेटतंय ते दिसतं, लिनक्सवर जेएसटेस्ट. एकेक बटण दाबून बघा, मग दोघांनी मिळून सगळी एकदम दाबून बघा.