कांदाचाळीतला सेन्सर आणि बसणारी बॅटरी

चाळीतलं तापमान कळवणारा नोडएमसीयू (छोटा वायफाय बोर्ड) डीप स्लीपमध्ये, म्हणजे गाढ झोपेत असायचा, तरी बॅटरी पटकन उतरायची. मल्टिमीटर लावला तर झोपेतही काही मिलिअँपिअर! बोर्डावरची मुख्य ईएसपी८२६६ चिप स्वतः झोपेत जेमतेम २० मायक्रोअँपिअर घेते. बाकीचं खात होते बोर्डावरचा व्होल्टेज कमी करून स्थिर ठेवणारा एएमएस१११७ रेग्युलेटर आणि यूएसबीची चिप.

मग तीच चिप असलेलं नुसतं ईएसपी-१२एफ मॉड्यूल घेतलं, ३.२ व्होल्टचा लिथियम आयर्न फॉस्फेट सेल थेट जोडला. रेग्युलेटरची भानगडच नको. जीपीआयओ १६ ही पिन मात्र रीसेटच्या पिनला जोडाच, नाहीतर पठ्ठ्या झोपला की उठत नाही. वायफाय सुरू होताना करंट एकदम उसळतो, म्हणून मॉड्यूलला चिकटून ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डीएस१८बी२० या तापमान सेन्सरला वीज जीपीआयओ पिनवरून, मोजण्यापुरतीच. आयपी पत्ता कायमचा ठरवून दिला, त्यामुळे जोडणीही लवकर होते.