बॉयलर पेटायच्या आत नेटवर्कची तयारी

दसरा जवळ आला की कारखान्यावर सगळ्यांचं लक्ष मिल, बॉयलर आणि गव्हाणीकडे. नेटवर्कची आठवण होते ती उसाच्या वजनकाट्यावर पावती अडकल्यावर, ट्रॅक्टरची रांग गाडीतळाबाहेर रस्त्यावर गेल्यावर. लातूर, धाराशिव, बीड, परभणीकडच्या साखर कारखान्यांवर हे काम बघणाऱ्यांसाठी ही यादी. सगळं मोळी पडायच्या, म्हणजे गाळप सुरू व्हायच्या आत झालं पाहिजे.

सगळ्यात आधी घड्याळं जुळवा. स्विच, राउटर, सर्व्हर, काट्याचा कॉम्प्युटर, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर, एकही सोडू नका. गेल्या हंगामात आमच्याकडे नेमकं हेच राहिलं. काटा रात्री सव्वादोनला अडकला आणि स्विचच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदींत, त्या वेळेला काहीच सापडेना. सापडणार कसं? स्विच जागतिक वेळेवर होता, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे ती नोंद आदल्या रात्री पावणेनऊची म्हणून पडली होती. डीव्हीआर आणखी तिसरीच वेळ दाखवत होता. आधी लिंक पडली की आधी सॉफ्टवेअर अडकलं, हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, आणि खाली गाड्या उभ्या.

हाताने वेळ लावून भागत नाही. हंगामात लाइट महावितरणवरून टर्बाइनवर जाते, परत येते, प्रत्येक वेळी एखादा स्विच रीस्टार्ट होतोच. बऱ्याच लहान स्विचमध्ये घड्याळाला बॅटरी नसते, उठला की थेट १ जानेवारी १९७०. सिस्कोचे जुने स्विच १ मार्च १९९३ पासून मोजायला लागतात आणि लॉगमध्ये वेळेच्या आधी चांदणी (*) उमटते. ती चांदणी दिसली की त्या वेळेवर विश्वास ठेवू नका. म्हणून एनटीपी लावा, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं आपोआप जुळवायची सोय. कारखान्यातला एक सर्व्हर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या किंवा एनआयसीच्या (सरकारच्या राष्ट्रीय माहिती केंद्राच्या) सर्व्हरकडून वेळ घेईल आणि बाकी सगळे त्याच्याकडून. बाहेरची लाइन तुटली तरी आतली वेळ एक राहते. फायरवॉलमध्ये यूडीपीचा पोर्ट १२३ उघडा. टाइमझोन वेगळा लावावा लागतो, तोच विसरतो माणूस. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही हेच दोन सर्व्हर सांगितलेत, शिवाय लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेत. लॉग स्विचमध्येच राहू देऊ नका, रीस्टार्ट झाला की पुसला जातो. सिसलॉगने सगळ्यांचे लॉग एका सर्व्हरवर गोळा करा.

आता मॉनिटरिंग. स्विचचे आकडे लांबून वाचता येतात ते एसएनएमपी चालू करा, पण कम्युनिटीचं नाव (त्याचा पासवर्डच समजा) 'पब्लिक' ठेवू नका. ट्रॅफिकचे आलेख ६४ बिटच्या काउंटरवरून (गेलेला डेटा मोजणाऱ्या आकड्यावरून) घ्या. ३२ बिटचा काउंटर १०० एमबीपीएसच्या भरलेल्या लिंकवर पावणेसहा मिनिटांत शून्यावर येतो आणि एक जीबीपीएसवर जेमतेम ३४ सेकंदांत. तुम्ही दर पाच मिनिटांनी आकडा उचलणार, मधे तो कितीदा फिरला ते कळणारच नाही. लिंक भरलेली असेल आणि आलेख रिकामी दाखवेल. नुसत्या ट्रॅफिकवर जाऊ नका, प्रत्येक पोर्टच्या एरर आणि ड्रॉपचाही (टाकून दिलेल्या पॅकेटचाही) आलेख ठेवा.

एररमध्ये सीआरसी (वाटेत बिघडलेला डेटा) वाढताना दिसले तर केबलच्या आधी डुप्लेक्स बघा, म्हणजे डेटा दोन्हीकडून एकाच वेळी जातो (फुल) की आळीपाळीने (हाफ). काट्याकडच्या जुन्या मीडिया कन्व्हर्टरजवळ (फायबर आणि तांब्याची केबल जोडणाऱ्या डब्याजवळ) हे हमखास सापडतं. एका बाजूला कोणीतरी १०० फुल पक्कं करून ठेवलेलं असतं, दुसरी बाजू ऑटोवर, म्हणजे आपोआप ठरवणारी. ऑटोवाल्या बाजूला वेग समजतो, डुप्लेक्स समजत नाही, मग ती हाफवर बसते. पिंग केलं, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघितलं, तर सगळं चांगलं. काम सुरू झालं, दोन्हीकडून डेटा जायला लागला की लिंक रडते: हाफ बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेल्या टकरी), फुल बाजूला सीआरसी. दोन्ही बाजू ऑटोवर ठेवा, नाहीतर दोन्ही पक्क्या करा. या एका तपासणीने "नेट स्लो आहे"च्या कितीतरी तक्रारी मिटतात, म्हणून कंटाळा करू नका.

केबल १०० मीटरच्या आत, मोटारींच्या केबलपासून लांब. दोन इमारतींच्या मधे तांब्याची केबल नको, फायबर टाका. परतीच्या पावसात वीज कडाडली की तांब्यावरून दोन्हीकडचे पोर्ट जातात. अर्थिंगचा रेझिस्टन्स इलेक्ट्रिकल विभागाकडून मोजून घ्या. आपली काळी जमीन पावसाळ्यात ओली असते तेव्हा आकडा छान येतो, उन्हाळ्यात भेगा पडल्या की तोच वाढतो. तेव्हा हंगाम लांबला तर अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडायला सांगा. रॅकच्या पंख्यातला बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा झाडून घ्या. यूपीएसची बॅटरी लोड टाकून तपासा, दिव्यावर विसंबू नका.

इंटरनेटच्या दोन लाइन असतील तर दोन्ही एकाच चरातून येत नाहीत ना, हे स्वतः चालत जाऊन बघा. रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात एकदा लागला की दोन्ही जातात. आणि इंटरनेट गेलं तरी काटा चालला पाहिजे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे शेतकऱ्याचं बिल १४ दिवसांत द्यायचं असतं, त्याची सुरुवात त्या पावतीपासून होते. पावतीवर वजनाच्या खाली वेळ असते. काट्याच्या कॉम्प्युटरची वेळ लावली ना? परत बघा.

बॉयलर पेटल्यापासून चाचणी गाळपापर्यंतचे दिवस आकडे टिपायला. बंद कारखान्यात घेतलेली मोजमापं उपयोगाची नाहीत. काट्यापासून सर्व्हरपर्यंत पिंग तासभर चालू ठेवा, सरासरी सोडा, सगळ्यात मोठा आकडा आणि हरवलेली पॅकेट लिहा. आयपर्फ या चाचणीच्या सॉफ्टवेअरने लिंक भरून तेच पिंग पुन्हा. त्याच दिवशी टर्बाइनवर लाइट गेल्यावर प्रत्येक स्विचवर लॉगिन करून वेळ बघा. प्रत्येक स्विचवर.

हंगाम सुरू झाल्यावर नवं काही करू नका. नवं फर्मवेअर (स्विचमधलं सॉफ्टवेअर) नको, व्हीलॅन (नेटवर्कचे आतले वेगळे भाग) बदलणं नको. बदल करावाच लागला तर वेळ टाकून वहीत लिहा. हाताशी ठेवा: कॉन्फिगरेशनचा बॅकअप, स्पेअर स्विच, दोन एसएफपी (स्विचमध्ये फायबर जोडायचे मॉड्यूल), पॅचकॉर्ड. रात्रपाळीच्या काटा कारकुनाला सांगून ठेवा की फोनवर "नेट बंद" एवढंच नको. किती वाजता अडकलं आणि स्विचवर कोणते दिवे लागलेत, हे सांगायचं.