जेवढं बंद, तेवढं सुरक्षित? मुलाच्या अन्न-अ‍ॅलर्जीत या चुका टाळा

अन्नाची अ‍ॅलर्जी असलेलं मूल घरात असलं की चुका दोन बाजूंनी होतात. नको ते पोटात जातं, ही एक बाजू. हवं ते पोटात जातच नाही, ही दुसरी. पहिलीची धास्ती घरात सगळ्यांनाच असते. दुसरी मात्र गुपचूप वाढत जाते, कारण एखादा पदार्थ बंद केल्याने त्या दिवशी कुणाला काही होत नाही. उलट काळजी घेतल्याचं समाधान मिळतं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावंसं वाटणारच. पण एकेक वगळता वगळता ताटात मोजकेच चार पदार्थ उरले, तर वाढत्या वयाच्या मुलाला ते परवडत नाही.

रिपोर्ट बघून ताट ठरवणं

बाकीच्या बऱ्याच चुकांचं मूळ इथे आहे, असं मला वाटतं. रक्ताची तपासणी होते, पदार्थांची लांबलचक यादी हाती येते, त्यात सात-आठ नावांपुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं आणि त्याच संध्याकाळी ते सगळे पदार्थ घरातून हद्दपार होतात. त्यातले निम्मे मूल आजवर मजेत खात आलंय, हे कुणी विचारातच घेत नाही.

रक्तातल्या आयजीईची (अ‍ॅलर्जीशी जोडलेल्या प्रतिपिंडाची) तपासणी किंवा स्किन प्रिक टेस्ट (त्वचेला हलकंसं टोचून केलेली चाचणी) इतकंच सांगते की शरीराने त्या पदार्थाविरुद्ध आयजीई तयार केलंय. खाल्ल्यावर त्रास होईलच, असं ती सांगत नाही. आकडा मोठा असला की त्रासाची शक्यता वाढते. तो किती तीव्र असेल हे मात्र आकड्यावरून कळत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टइतकीच एक साधी वही महत्त्वाची असते: काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने काय झालं. या प्रकारची प्रतिक्रिया बहुधा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसते. तरीही शंका उरली, तर दवाखान्यात देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा वाढवत खायला देऊन पाहतात. या ‘फूड चॅलेंज’इतका खात्रीचा निकाल दुसऱ्या कुठल्याच चाचणीने मिळत नाही.

‘इन्टॉलरन्स’च्या (पदार्थ न झेपण्याच्या) नावाखाली विकल्या जाणाऱ्या आयजीजी (दुसऱ्या प्रकारचं प्रतिपिंड) तपासण्यांवर तर पैसे घालवूच नयेत. आपण जे नेहमी खातो, त्याविरुद्धचं आयजीजी रक्तात सापडणं स्वाभाविक आहे. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना निदानासाठी ही तपासणी करू नका असंच सांगतात.

एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाजण्याचा विकार) असलेल्या मुलांच्या बाबतीत हे जास्तच जपायला हवं. त्वचा बरी व्हावी म्हणून दूध-अंडं बंद केलं जातं, काही महिने जातात, आणि पूर्वी सहज पचणारा पदार्थ पुन्हा दिल्यावर काही मुलांना तीव्र प्रतिक्रिया येते. नियमित खाण्यामुळे टिकून असलेली सहनशीलता बंदीमुळे गेलेली असते. म्हणजे जी अ‍ॅलर्जी टाळायला निघालो, तीच ओढवून घेतली.

याची उलट बाजूही आहे. काही तान्ह्या बाळांना विशिष्ट पदार्थ दिल्यावर एक ते चार तासांनी जोरदार उलट्या होतात, ती फिकी आणि मलूल पडतात, आणि तपासण्या मात्र निगेटिव्ह येतात. एफपायझ नावाचा हा प्रकार आयजीईशिवाय होतो. असं दोनदा घडलं तर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ या उत्तरावर थांबू नका.

दूध बंद, पण त्याजागी काय?

आधी एक गोंधळ. लॅक्टोज न पचणं म्हणजे दुधाची अ‍ॅलर्जी नव्हे. पहिल्यात दुधातली साखर पोटाला झेपत नाही. दुसऱ्यात दुधातल्या प्रथिनांविरुद्ध रोगप्रतिकारशक्ती उठते. ‘लॅक्टोज-फ्री’ दुधात ही प्रथिनं जशीच्या तशी असतात, त्यामुळे अ‍ॅलर्जीच्या मुलाला ते चालत नाही. शेळीचं दूधही चालत नाही. त्यातली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक मुलांना दोन्हींचा त्रास होतो.

मग वनस्पतींपासून केलेल्या ‘दुधा’कडे मोर्चा वळतो. रंग पांढरा असला तरी प्रत्येकाचं पोषण वेगळं. बदामाच्या किंवा तांदळाच्या पेयात प्रथिनं नगण्य असतात. सोयाचं, तेही कॅल्शियम घातलेलं, त्या मानाने बरं, अर्थात सोयाची अ‍ॅलर्जी नसेल तर. एक वर्षाखालच्या बाळाला यातलं काहीही मुख्य दूध म्हणून देऊ नये. त्यासाठी खास फॉर्म्युला असतो आणि तो डॉक्टर ठरवतात. दूध बंद म्हणजे प्रथिनं, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आयोडीन या सगळ्यांना कात्री. दोन-तीन पदार्थ बंद असतील तर आहारतज्ज्ञाची भेट ही चैन नाही. उंची-वजनाचा आलेख दर काही महिन्यांनी पाहायचा आणि रेघ खाली वळायला लागली की लगेच विचारायचं.

लेबल एकदाच वाचणं

नेहमीचंच बिस्किट म्हणून पुडा न वाचता पिशवीत पडतो. उत्पादक मात्र घटक बदलत असतात आणि त्याची दवंडी पिटत नाहीत. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाचा उल्लेख लेबलवर सक्तीचा झाला. तिळाचा अंशही नसल्याची खात्री देणं महाग पडतं, म्हणून काही बेकरी-उत्पादकांनी चक्क पदार्थात तीळ घालायला सुरुवात केली आणि तसं छापून टाकलं. काल चालणारा ब्रेड आज चालेनासा झाला, तोही ग्राहकाच्या रक्षणासाठी केलेल्या कायद्यामुळे! म्हणून दर खरेदीला लेबल वाचायचं आणि घरी डब्यात ओतण्याआधी पुन्हा.

केसीन, केसीनेट, व्हे, लॅक्टाल्ब्युमिन म्हणजे दूध. ओव्हाल्ब्युमिन आणि बऱ्याचदा नुसतं ‘अल्ब्युमिन’ म्हणजे अंडं. ‘व्हीगन’ (प्राणिजन्य घटक न वापरलेलं) लिहिलेल्या वस्तूतही दुधाचा अंश असू शकतो. तो शब्द अ‍ॅलर्जीच्या मुलांसाठी लिहिलेला नसतो. ‘अंश असू शकतो’ ही सूचना बऱ्याच देशांत ऐच्छिक आहे. ती नाही म्हणजे धोका नाही, असं गृहीत धरू नका. आणि एकच वस्तू मोठ्या पाकिटात व छोट्या पाकिटात वेगवेगळ्या कारखान्यांतून येऊ शकते, हे तर पटकन सुचतही नाही.

स्वयंपाकघरातले गैरसमज

घरातून पदार्थ पूर्ण हद्दपार करायचा की नाही, याचं एकच उत्तर नाही. मूल लहान असेल, सगळं तोंडात घालत असेल, प्रतिक्रिया तीव्र असेल, तर पूर्ण बंदी सोपी पडते. पण चार पदार्थांची अ‍ॅलर्जी आणि घरात आणखी दोन मुलं असतील तर सगळ्यांचं ताट एकाच मापाने कापणं फार दिवस टिकत नाही. तिथे नियम चालतात: त्या मुलाचं आधी शिजवायचं, चमचे वेगळे, तळणाचं तेल वेगळं, खाण्याची जागा ठरलेली.

हात साबण-पाण्यानेच धुवायचे. सॅनिटायझर जंतू मारतो, शेंगदाण्याची प्रथिनं तशीच हातावर ठेवतो. ‘भाजलं की चालेल’ हेही खोटं. भाजल्यावर शेंगदाणा उलट जास्त त्रासदायक ठरतो. दूध आणि अंड्याचं मात्र वेगळं आहे. अ‍ॅलर्जी असलेल्या बहुसंख्य मुलांना ती केकमध्ये पिठासह नीट भाजलेली चालतात. पण आपलं मूल त्यातलं आहे का, हे घरी ठरवायचं नाही. वासाची भीती बाळगणाऱ्यांसाठी: शेंगदाण्याच्या नुसत्या वासाने गंभीर प्रतिक्रिया येत नाही. शिजणाऱ्या मासळीची वाफ किंवा उडणारं पीठ श्वासात जाणं हा प्रकार वेगळा, त्यात प्रथिनं असतात आणि त्रास होऊ शकतो.

आधी सिरप, मग बघू

ही चूक जिवावर बेतते. अ‍ॅलर्जीचं सिरप खाज आणि पित्ताच्या गाठी कमी करतं. घसा सुजणं, श्वास लागणं, रक्तदाब कोसळणं ते थांबवू शकत नाही. त्यासाठी अ‍ॅड्रेनालिन नावाचं इंजेक्शन लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, वेळ न दवडता. आवाज घोगरा होणं, सतत खोकला, घरघर, जीभ सुजणं, एकदम गळून जाणं, किंवा अंगावर गाठी असतानाच वारंवार उलट्या, यातलं काही दिसलं की वाट बघू नये. अंगावर पुरळ नाही म्हणून ‘हे ते नसेल’ असंही समजू नये. काही वेळा पुरळ येतच नाही.

इंजेक्शननंतर मुलाला आडवं ठेवा, पाय थोडे उंच. श्वासाचा त्रास असेल तर टेकून बसू द्या, उलट्या होत असतील तर कुशीवर वळवा. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून उभं करू नका, चालवू नका. अचानक उभं राहिल्याने रक्तदाब पुन्हा कोसळू शकतो. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर दुसरा डोस लागतो, म्हणून नेहमी दोन जवळ हवेत. आणि बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, कारण काही तासांनी लक्षणं परत येऊ शकतात.

बारीकसारीक चुका इथेच फार. इंजेक्शन कुलूपबंद कपाटात असतं आणि किल्ली आईकडे. किंवा उन्हात तापलेल्या गाडीत. किंवा फ्रीजमध्ये, जिथे ते ठेवायचं नसतं. मूल वाढतं, डोस जुनाच राहतो. डोस वजनावर ठरतो, साधारण किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. मुदत संपलेलं इंजेक्शनचं पेन फेकण्याआधी ते संत्र्यावर टोचून घरातल्या प्रत्येकाचा हात बसवून घ्या.

सगळं एकाच डोक्यात

बहुतेक घरांत अ‍ॅलर्जीची सगळी माहिती एकाच पालकाकडे असते. दुसरा ‘तुलाच जास्त कळतं’ म्हणत मागे राहतो आणि आजी ‘थोड्याने काही होत नाही’ म्हणते. आजीशी वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांनी लिहून दिलेला कृती-आराखडा तिच्या हातात द्या, पुढच्या भेटीला तिला सोबत न्या. मुलालाही त्याच्या वयाचं काम द्यावं: चार वर्षांचं मूल ‘आईला विचारून घेईन’ म्हणू शकतं, आठ वर्षांचं लेबल वाचू शकतं. वाढदिवसाला त्याला घरीच ठेवण्यापेक्षा त्याचा डबा बरोबर द्या. आणि शाळेत कुणी मुद्दाम तो पदार्थ त्याच्या तोंडाजवळ नेत असेल, तर ती थट्टा समजून सोडू नका.

निदान कायमचं धरून बसणं

दूध, अंडं, गहू, सोया यांची अ‍ॅलर्जी अनेक मुलांची वाढत्या वयात जाते. शेंगदाण्याची साधारण पाचांतल्या एकाची जाते. म्हणून ठरावीक काळाने फेरतपासणी हवी. धाकटं भावंड येतं तेव्हा धास्तीने त्यालाही शेंगदाणा चाखवत नाहीत, तेही उलटच. लंडनमधल्या लीप अभ्यासात, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, जास्त धोका असलेली ६४० बाळं होती. सुरुवातीला त्वचा-चाचणी निगेटिव्ह असलेल्यांपैकी, शेंगदाणा टाळणाऱ्यांत पाचव्या वर्षी १३.७ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी निघाली, नियमित खाणाऱ्यांत १.९ टक्के. बाळाला तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि लहानग्याला अख्खा दाणा कधीच नाही, पातळ केलेली पेस्ट.

शेवटची चूक फूड चॅलेंज पास झाल्यावर होते. दवाखान्यात मूल सगळा डोस खातं, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि घरी आल्यावर तो पदार्थ कुणी वाढतच नाही. आईचा हात धजत नाही, आणि ज्या पदार्थाला इतकी वर्षं विष म्हटलं, तो मूलही तोंडाशी नेत नाही. पण सहनशीलता टिकायला तो पदार्थ नियमित पोटात जावा लागतो. आवडत्या खाण्यात मिसळून, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात, आठवड्याचे वार ठरवूनच सुरू करा. मन होईल तेव्हा द्यायचं ठरवलंत तर तो वार उगवत नाही.